ओठाला चिकटणारी बाजू

पडद्यावर खलनायक जेवायला बसला आणि त्यानं कोंबडीची तंगडी उचलली, की मुरूमच्या टॉकीजमध्ये पाच बोटांची एक भली मोठी सावली यायची. तंगडी, खलनायक, टेबल, सगळं त्या पंजाखाली झाकून जायचं. खालून शिट्ट्या पडायच्या. "आप्पा, हात काढा, खाऊ द्या त्याला!" कुणी ओरडायचं, "भरल्या ताटावरनं उठवू नका हो आप्पा, पाप लागंल!" तंगडी खाऊन संपली की पंजा निघून जायचा आणि पिक्चर पुढं चालू व्हायचा.

परगावच्या माणसाला वाटायचं, मशीन बिघडलं. गावाला ठाऊक होतं की हा मशीनपुढं धरलेला मालकाचा हात आहे. मालक कडक शाकाहारी, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि धंदा पिक्चरचा. "आपल्या टॉकीजमदी कुणी मटण खायचं न्हाय," हा त्यांचा नियम. पडद्यावरचे लोक काही त्यांनी त्यातून वगळले नव्हते. खून चालायचे, दरोडे चालायचे, सासूनं सुनेला छळलेलं तर लईच चालायचं. तंगडी तेवढी नाही.

हे आमचे घरमालक. सगळं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणत आले. आम्ही नवरा-बायको तिथल्या शाळेत नोकरीला लागलो होतो. मी इंग्रजी शिकवायचे, आमचे हे विज्ञान. मी कळंबची. मुरूमला पहिल्या दिवशी उतरले आणि अर्धा बाजार कानडीत भांडताना ऐकला, तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. भांडण तरी समजायला पाहिजे की नाही माणसाला? तर आप्पांनी टॉकीजच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. ऑपरेटरच्या केबिनचा लोखंडी जिना आमच्या दारावरूनच वर जायचा. भिंतीतून सगळा पिक्चर ऐकू यायचा. इंटरव्हल झाला की मी कुकर लावायचे, आणि शेवटची मारामारी सुरू झाली की यांना ताटं घ्यायला सांगायचे. घड्याळाचं कामच नव्हतं.

आप्पांच्या वडिलांची बाजारात तुरी-उडदाची आडत होती. ती धाकट्या भावाच्या गळ्यात घालून या माणसानं टॉकीज बांधली. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "डाळीला कोण शिट्टी मारतंय, बाई?"

नवा पिक्चर लागला की रिक्षावर भोंगा बांधून जाहिरात करायला स्वतः बसायचे. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, हा आडतीतला बाणा इथंही आणलेला. "बंधू-भगिनींनो, आजपासून नवीन पिक्चर लागलाय. गाणी झकास हायत. मारामारी ठीक. दुसरा भाग जरा ढिला हाय. पर बाहेर ऊन लई हाय आन् आपल्याकडं पंखे हायत. बघा, विचार करून या." लोक हसत हसत यायचे. उन्हाळ्यात तर निव्वळ पंख्यांसाठी यायचे आणि झोपायचे.

खुर्चीत बसून त्यांनी पिक्चर कधी बघितला नाही. केबिनच्या भोकातून बघायचे, तेही पडद्याकडं कमी आणि माणसांकडं जास्त. "लोक खोकायला लागले की समजायचं, पिक्चर पडला," हे त्यांचं शास्त्र. मी म्हटलं, आप्पा, एखाद्याला खरंच खोकला झालेला असू शकतो. म्हणाले, "गोष्ट चांगली असली की खरा खोकलाबी थांबतोय, बाई." मी हे शास्त्र शाळेत माझ्याच तासाला लावून बघितलं. पोरी पहिल्या धड्यालाच खोकायला लागल्या. त्यानंतर मी आप्पांच्या शास्त्राचं नाव काढलं नाही.

वर केबिनमध्ये उस्ताद असायचे. मशीन चालवणारे ऑपरेटर, आप्पांच्याच वयाचे, मुसलमान, बोलणं अर्धं दखनी अर्धं मराठी. टॉकीजचं पहिलं रीळ त्यांनीच चढवलं होतं. दोघांचा एक रिवाज होता. शो सुरू झाला की समोरच्या हॉटेलातून एक चहा वर जायचा. एकच. आप्पा कपातून प्यायचे, उस्ताद बशीतून. पुढच्या शोला उलट, उस्ताद कपातून आणि आप्पा बशीतून. ही पाळी कधी चुकायची नाही, आणि चुकली असं एकाला जरी वाटलं तरी दोघं लहान लेकरांसारखे भांडायचे. उस्ताद घरून काय जेवून येतात हे आप्पांना माहीत नव्हतं थोडंच? शुक्रवारी तर वासावरून मलाही कळायचं. पण चहाच्या आड ते कधी आलं नाही.

फिल्म तुटायची. आमच्याकडं प्रिंट यायचे ते आठ गावं फिरून, ठिगळं लावून आलेले. तुटली की जोडायची, आणि जोडायचं एक तंत्र असतं. फिल्मच्या एका बाजूला मसाला असतो, चित्रं त्या मसाल्यातच उमटलेली असतात. टोकावरचा तो मसाला ब्लेडनं खरवडून काढला, तरच चिकटवायचं औषध धरतं. आता अंधाऱ्या केबिनमध्ये, खालून शिट्ट्या वाजत असताना, मसाल्याची बाजू कुठली हे कसं ओळखायचं? तर टोक ओल्या ओठाला लावायचं. जी बाजू ओठाला चिकटते ती मसाल्याची. उस्तादांनी आप्पांना हे शिकवलं होतं आणि आप्पांना त्याचा भारी अभिमान. सदऱ्याच्या खिशात फिल्मचा एक तुकडा असायचाच. घरी पाहुणे आले की बाहेर काढायचे, ओठाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ही मसाल्याची." पाहुण्यांनाही लावून बघायला लावायचे. मलाही लावला होता. खरंच चिकटतो.

पिक्चरला आप्पा दोन नावांनी बोलवायचे. भोंग्यावर 'पिक्चर', कारण ते गिऱ्हाइकाचं नाव. घरात आणि केबिनमध्ये मात्र 'फिल्लम', आणि तेही असं म्हणायचे की जणू घरातल्या लेकीचं नाव आहे. दिवाळीत बाजारातले आडते लक्ष्मीपूजनाला तराजू मांडायचे. आप्पा पाटावर फिल्मचा गोल पत्र्याचा डबा मांडायचे. त्याला हळदीकुंकू, झेंडूची माळ, समोर बत्तासे. उस्तादही नवे कपडे घालून येऊन बसायचे.

अशाच एका दिवाळीत, पूजा व्हायच्या आधी, आप्पा माझ्याकडं वळले. "बाई, तुमी इंग्रजी शिकिवता. ज्येची पूजा करतोय त्येच्या नावाचा अर्थ ठाऊक नसावा, हे काय बरं न्हाय. फिल्लम म्हंजे काय?"

"पिक्चर," मी म्हटलं.

"ते मलाबी कळतंय. पर पिक्चर निघायच्या आदी ह्यो शब्द होताच की न्हाय? तवा त्येचा अर्थ काय होता?"

प्रश्न बिनतोड होता. इंग्रजीची बाई मी! चार बायका बसलेल्या. मी म्हटलं, बघून सांगते.

शाळा उघडल्यावर कपाटातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला, शब्दांची मुळं देणारा. धूळ झटकली आणि वाचलं. फिल्म म्हणजे मुळात पातळ त्वचा, पापुद्रा. अंड्याच्या कवचाआत असतो तो. डोळ्यावर येतो तो. मग कशावरही धरलेला पातळ थर. पुढं फोटो निघाले, काचेवर मसाल्याचा थर द्यायला लागले, त्या थराला फिल्म म्हणायला लागले. मग थर ज्या पट्टीवर द्यायचा ती पट्टीच फिल्म झाली, आणि शेवटी पट्टीतून पडद्यावर पडतं ते सगळंच फिल्म झालं. आणि पार मागं, अगदी तळाला जाऊन बघितलं, तर शब्दाच्या मुळाशी कातडं.

आप्पांपुढं अंडं काढायची सोय नव्हती. कातडं तर दूरच. म्हणून मी म्हटलं, "साय, आप्पा. दुधावर धरते ना, तशी पातळ साय."

काय खूश झाला तो माणूस! दुसऱ्या दिवशी भोंग्यावर सुरू. "बंधू-भगिनींनो, फिल्लम म्हंजे साय! आपल्या शाळेच्या बाईंनी पुस्तकात बघून सांगितलंय. तवा साय खायला या!" बाजारात बायका मला थांबवून विचारायच्या, बाई, ते सायीचं खरं का हो? आप्पांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणायचे. अव्वांनी मात्र एकाच वाक्यात निकाल दिला. "साय पायजे तर म्हस पाळा म्हणावं. ह्या फिल्लमनं मला वाटीभर ताक दिलं न्हाय कधी."

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण आप्पा आडत्याचं पोर. माल हातात आला की तो कुठून आला हे विचारणारच. एका संध्याकाळी ओट्यावर आमच्या ह्यांच्यापाशी येऊन बसले. "सर, साय दुधावर धरती. मग ह्यो मसाला कशाचा?"

आमच्या ह्यांना कुठं थांबावं हे आजतागायत कळलेलं नाही. विज्ञानाचा प्रश्न आला की सुटलेच. "चांदीचे क्षार असतात, आप्पा. आणि जिलेटिन."

चांदी ऐकून आप्पांनी गळ्यातल्या डबीला हात लावला. "चांदी! अन् ते दुसरं काय?"

"जिलेटिन. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात."

मी ह्यांना चिमटा काढला, पण वाक्य पुरं झालं होतं. आप्पांचा हात डबीवरून तोंडाकडं गेला. बोटं ओठांवर तशीच राहिली. मग खिशातला फिल्मचा तुकडा काढला, ओट्याच्या कडेला ठेवला आणि घरात गेले. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही.

मी काही चुकीचं केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. विचारलं, सांगितलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्या टॉकीजमध्ये जे सुरू झालं ते बघवत नव्हतं, हे खरं.

आप्पांनी हात धुवायला घेतले. राख आणि लिंबू. सकाळी, दुपारी, पूजेच्या आधी, पूजेच्या नंतर. लिंगायतांची पूजा डाव्या तळहातावर असते. डबीतलं लिंग काढून तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं. "ह्या हातावर म्या देव घेतो, बाई," ते मला एकदाच म्हणाले. "आन् ह्योच हात... आन् ओठ तर काय, ओठानं मंत्र म्हणतो." घासून घासून तळहाताची सालटं निघाली होती. अव्वा खोबरेल लावायच्या, ते पुसून परत लिंबू घ्यायचे.

केबिनमध्ये जाणं बंद. खाली तिकिटाच्या खिडकीत बसून राहायचे. त्या आठवड्याच्या पिक्चरमध्ये खलनायकानं एक सोडून दोन तंगड्या खाल्ल्या, भरल्या उजेडात, हाडं चोखून. पंजा आला नाही. लोकांनी शिट्ट्या मारायला तोंडात बोटं घातली होती ती तशीच राहिली. कुणीतरी अंधारात विचारलं, "आप्पा, हात कुठाय?" कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत दोघं-चौघं खोकले.

आणि चहा. हॉटेलातून कप-बशी वर जायची ती जायचीच. उस्ताद कप पुढ्यात ठेवून वाट बघायचे. खालून निरोप यायचा, मला नको. मग तो सगळा चहा तसाच गार होऊन जिन्यावरून खाली यायचा. माझ्या दारावरून. रोज.

शेवटी उस्तादच माझ्या दारात आले. आत बोलावलं तरी आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे. "म्याडम, आप्पाकू क्या हुआ? मेरेसे कुछ गलती हुई क्या?"

मी काय लपवणार? साय, मसाला, कातडं, हाडं, सगळं सांगितलं. उस्ताद आधी हसले. "इत्ताच? मैं बोला, घर में कोई बीमार है की क्या की." मग हसणं थांबलं. आपल्या हातांकडं बघितलं. औषधानं आणि तेलानं नखं कायमची काळी झालेली.

"म्याडम, मैं क्या खाके आता, ये उनकू पहिल्या दिवसापास्नं मालूम. तवा माझी बशी चालली. आन् आता एका पट्टीच्या मसाल्यापायी माझे हात चालत न्हाईत? मी तर दिवसभर तीच पट्टी हातात घेऊन बसतो."

"तसं ते म्हणाले नाहीत हो, उस्ताद."

"म्हणाले न्हाईत. चहा पण प्याले न्हाईत." थोडं थांबून म्हणाले, "शुक्रवारी पिक्चर बदलतो. तवापास्नं मी येत न्हाय. उमरग्याच्या टॉकीजवाला कधीचा बुलाता है. आप्पाकू तुम कुछ बोलू नक्को."

बोलू नको म्हटल्यावर मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. तडक अव्वांकडं गेले. अव्वा ज्वारी निवडत होत्या. सगळं ऐकलं, सूप खाली ठेवलं आणि आतल्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलं का? उस्ताद चाललाय उमरग्याला. धुवा आता हात निवांत."

आप्पा दारात आले. "म्या त्येच्या हाताला कुठं नाव ठिवलं? म्या माज्या हाताचं बघतोय."

"तुमचा न् त्याचा हात वेगळा कधी होता हो?" अव्वा म्हणाल्या. "अन् मला एक सांगा, दूध कुठनं येतं? म्हशीच्या कातड्यातनंच की. का वरनं पडतंय?"

आप्पा आत वळले. मोरीत पाण्याचा आवाज आला. परत हात धुवायला गेले होते. मला इतका राग आला! म्हातारा एवढा शहाणा, भोंग्यावर गावाला खरं सांगणारा, आणि ज्या माणसाबरोबर उभा जन्म गेला त्याला जिना चढून दोन शब्द सांगता येत नाहीत?

गुरुवार आला. उस्तादांचा शेवटचा दिवस. दुपारच्या शोला कशी कोण जाणे, तुफान गर्दी. मी शाळेतून आले होते, दारात भाजी निवडत बसले होते. मध्येच संवाद तुटला. पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला असणार, कारण ओरडा सुरू झाला. फिल्म तुटली, हे मला सवयीनं कळलं. आता जोडतील. पण जोडली जाईना. शिट्ट्या, मग खुर्च्या आपटणं, मग पाय आपटणं. आप्पा तिकिटाची खिडकी सोडून आले आणि माझ्यासमोरून धाडधाड जिना चढले. मागून मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण माझ्याच शब्दावरून लागलेली आग, मी बघायला नको?

केबिनमध्ये मशीन थंड. फिल्मची दोन टोकं लोंबत होती. उस्ताद स्टुलावर बसले होते, दोन्ही हात काखेत घालून.

"आरं, जोड की!" आप्पा ओरडले. "लोक खुर्च्या फोडतेत!"

"जोडतो. पहिले तुम बोलो आप्पा, ये हाथां चलते क्या नै चलते?"

"आत्ता ही येळ हाय का?"

"मेरे पास येळ आजचीच हाय. उद्या मी न्हाय."

आप्पा तिथं उभेच राहिले. खालून टॉकीज हादरत होती. उस्ताद काखेतले हात काढेनात. मी दारातून बघत होते. आप्पांनी आपला तळहात उघडला, सालटं निघालेला, लाल झालेला. त्याच्याकडं बघितलं. मग वाकून फिल्मचं एक टोक उचललं. जीभ ओठावरून फिरवली. टोक ओठाला लावलं आणि डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले.

"ही मसाल्याची," ते म्हणाले. टोक उस्तादांपुढं धरलं. "घे. ब्लेड घे."

उस्तादांनी काखेतून हात काढले. मसाला खरवडला, औषध लावलं, टोकावर टोक दाबून धरलं. आप्पांनी वरून आपला अंगठा दाबला. दोघांचे अंगठे त्या एवढ्याशा जोडावर होते. मग मशीनची घरघर सुरू झाली आणि खालून जी शिट्टी आली ती मी त्या टॉकीजमध्ये ऐकलेली सगळ्यांत मोठी शिट्टी.

दोघं मशीनकडंच बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "चहा सांगू का?"

"सांगा," आप्पा म्हणाले. "एकच."

चहा आला तेव्हा बशी कुणाची यावरून दोघं भांडले. उस्ताद म्हणत होते, तुमची पाळी. आप्पा म्हणत होते, मधले दिवस धरायचे न्हाईत, मागच्या बारीला म्याच बशी घेतलीती. मी खाली आले. भाजी तशीच पडली होती आणि मांजर त्यात बसलं होतं.

शुक्रवारी उस्ताद कामावर आले. पुढच्या पिक्चरमध्ये कुणीतरी तंगडी उचलली आणि पंजा आला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी एकदा धीर करून विचारलं, "आप्पा, देवाला काय सांगितलं?" म्हणाले, "काय सांगायचं? पूजेच्या आदी धुऊन घेतो. बाकी त्येचं तो बघंल." राख-लिंबाची सवय मात्र सुटली नाही. पूजेआधी हात घासायचे म्हणजे घासायचेच. अव्वा रोज संध्याकाळी मोरीत अर्धं लिंबू कापून ठेवायच्या.

पुढं रिळांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या. शहरातून एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, हातात ब्याग. छपरावर छत्री बसवायची, पिक्चर आभाळातून येणार, बटण दाबलं की चालू. आप्पांनी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि आडत्याच्या चालीनं माल तपासायला घेतला.

"ह्याच्यात मसाला न्हाय?"

"नाही काका."

"कातडं, हाडं, काय न्हाय?"

तो माणूस बावरला. "छे हो! हात लावण्यासारखं काहीच नाही त्यात. एकदम स्वच्छ."

"तुटत न्हाय?"

"तुटायचा प्रश्नच नाही. ऑपरेटरसुद्धा लागत नाही."

आप्पांनी मान डोलावली. "शुद्ध झाली म्हणा की फिल्लम." मग कानडीत म्हणाले, "बेडा." त्या माणसाला कळलं नाही म्हणून मराठीत सांगितलं. "नको मला."

गावानं वेड्यात काढलं. जन्मभर तंगडीपुढं हात धरला, आणि आता हात लावायची वेळच येणार नाही असा पिक्चर दारात आला, तर म्हातारा नको म्हणतो! आम्हाला ओट्यावर बसून सांगितलं, "सर, उस्ताद तितं काय करंल मग?" एवढंच कारण होतं. महिनाभरात टॉकीज बंद झाली. खुर्च्या निघाल्या आणि आत भावाच्या डाळीची पोती आली. दोघं म्हातारे रोज सकाळी त्या पोत्यांच्या दारात बसायचे, मध्ये एक कप आणि एक बशी. कुणी आत गेलं की उस्ताद सांगायचे, "पायरी बघून. अंधेरा है."

आमच्या बदल्या झाल्या. आम्ही कळंबला आलो. आता इथं घरबसल्या मोबाईलवर सगळे पिक्चर दिसतात, आणि त्यांत हवं ते खुशाल खातात.

मागच्या हिवाळ्यात अव्वांचा फोन आला. "उस्ताद गेला गं," म्हणाल्या आणि मग सगळं सांगत बसल्या.

आप्पांना हल्ली चालवत नाही. तरी पुतण्याच्या गाडीवर बसून कब्रस्तानापर्यंत गेले. लिंगायतांतही जाळत नाहीत, पुरतात, त्यामुळं माती देणं त्यांना नवीन नव्हतं. उस्तादांच्या लेकानं हाताला धरून पुढं नेलं. सगळे दोन्ही हातांनी माती टाकत होते, तशी आप्पांनीही टाकली. वाकून खाली बसले आणि हातांनीच सारखी केली. उठायला तयार नव्हते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. घरी आले. कुणाशी बोलले न्हाईत. संध्याकाळी पूजेची वेळ झाली. मी मोरीत राख काढली, लिंबू कापून ठेवलं. तर हे तसेच पाटावर जाऊन बसले. तळहाताच्या रेघांत माती, नखांत माती. मी म्हटलं, अहो, हात. तर म्हणाले, 'आज न्हाय धूत. हाताला उस्ताद हाय.' आन् तसाच त्या हातावर देव घेतला."